दुसरी फ्लॉपी

कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढायच्या, हा नियम आमच्या वर्कशॉपमध्ये मीच आणला. दारावरची पाटीही मीच रंगवली. त्या पाटीपासून पुढं जे घडलं त्यात चूक कुणाची होती, हे पस्तीस वर्षं फक्त मला माहीत होतं. बाकी सगळ्यांना जे माहीत होतं ते अर्धंच होतं, आणि ते अर्धंही मीच सांगितलेलं होतं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. वडील लातूरकडून येऊन इथं चिंचवडजवळ कंपनीत लागलेले, आणि आम्ही संत तुकाराम नगरात भाड्यानं राहायचो. बी.कॉम. झाल्यावर मी चिंचवड स्टेशनजवळ कॉम्प्युटरचा क्लास लावला. हा क्लास होता पिठाच्या गिरणीच्या वर. धुळीनं बिघडणारं यंत्र शिकवायला आमच्या सरांना अख्ख्या शहरात तेवढीच माडी सापडली होती. सर सतत फडकं हातात घेऊनच शिकवायचे. पूर्वी एका कॉम्प्युटरला हॉलभर जागा लागायची, मग अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी सुटे भाग मागवून घरच्या टेबलावर स्वतःपुरता कॉम्प्युटर जोडला, असं ते रंगवून सांगायचे. त्याला पडदा नव्हता की कीबोर्ड नव्हता. खटके खालीवर करायचे आणि पुढचे बारके दिवे लागतात का बघायचं, बस. "दिवे लागले की ते लोक नाचायचे," असं सर म्हणायचे, आणि आम्ही हसायचो, कारण खाली गिरणी सुरू झाली की आमच्या मशीनचा पडदा थरथरायचा.

सरांचे दोन नियम मात्र पाठ करावे लागायचे. एक, कामाच्या फ्लॉपीची दुसरी प्रत काढून वेगळी ठेवायची. दोन, फ्लॉपी वाचताना ड्राइव्हमधून करकर आवाज आला तर हात मागे घ्यायचा. आत कचरा गेलेला असतो आणि तो वाचणाऱ्या हेडला चिकटतो. मग तुम्ही त्यात जी फ्लॉपी घालाल ती खरवडून निघते. हे सरांनी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी चिडून म्हणाले होते, सर, आम्ही काय गाढवं आहोत का.

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मला ऑपरेटर म्हणून नोकरी लागली. शेडच्या कोपऱ्यात काचेची एक खोली केली होती आणि तिच्यात एकट्या कॉम्प्युटरसाठी एसी होता. आम्हा माणसांना पंखे. कॉम्प्युटर म्हणजे एक बसका डबा, त्यावर हिरव्या अक्षरांचा छोटा पडदा आणि पुढं फ्लॉपी घालायच्या दोन फटी, म्हणजेच ड्राइव्ह. त्याला स्वतःची म्हणून काही आठवण नव्हती. सकाळी एका फटीत प्रोग्रॅमची फ्लॉपी घालायची तेव्हा कुठं त्याला आपण कोण ते कळायचं. दुसऱ्या फटीत आपल्या कामाची फ्लॉपी. ती तळहाताहून थोडी मोठी, काळी आणि मऊ. तिच्या कव्हरला एक लांबट खिडकी असायची आणि तिथं आतली तबकडी उघडी दिसायची. तिथं बोट लावायचं नाही, एवढं मला कळत होतं. दुसऱ्यांना ते सांगावं हे सुचलं नाही.

शेडमध्ये सगळे ज्यांना मामा म्हणायचे ते तिथले सेटर होते. ऑटोमॅटिक लेथवर नवा जॉब लावायचा तर कुठलं हत्यार किती पुढं, स्पीड किती, हत्यार सरकवणारा कॅम कुठला, हे सगळं आधी बसवावं लागतं. ते बसवणारा तो सेटर. मामा मोशीचे, जुन्या शेतकरी घरातले, चौथी पास. त्यांनी जॉब बसवला की हजार नगांत एक बाद निघायचा नाही. मामांच्या हाताला यश आहे, असं मालकसुद्धा म्हणायचे. त्यांची सगळी विद्या एका तेलकट डायरीत होती, आणि तीही गोल, फुल्या आणि रेघोट्यांत. त्यांच्याशिवाय ती कुणालाही वाचता येत नव्हती. मालकांना ती कॉम्प्युटरवर हवी होती.

शेडमधले लोक मामांना सांगत होते की राव, असलं काही करू नका, एकदा डब्यात गेलं की तुमची गरज संपली. त्यांचं खोटं नव्हतं. पण मामांचा उजवा हात तेव्हा थोडा थरथरायला लागला होता. ते पहिल्यांदा खोलीच्या दाराशी आले, पाटी वाचली, चपला काढल्या, पाय पायपुसण्याला घासले आणि आत येताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला.

"म्याडम," ते म्हणाले, "ह्यात घातल्यालं आमच्यामागं ऱ्हाईल का?"

"राहील की."

"आन् लाईट गेल्यावर?"

"लाईट गेली तरी फ्लॉपीत राहतं, मामा."

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची. त्यानंतर ते पाच वाजेपर्यंत माझ्यासमोर स्टुलावर बसायचे आणि डोळे मिटून सांगायचे. सांगताना त्यांचे हात हवेत हँडल फिरवत. पितळ असलं तर हत्यार केसभर वर धर. पावसाळ्यात पट्टा ओला ऱ्हातो, स्पीड एक घर खाली घे. मी ते इंग्रजी अक्षरांत मराठी करून टाइप करायची, कारण त्या मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती. याचं मामांना फार वाईट वाटलं. "एवढं शानं हाय आन् मराठी न्हाई व्हय त्याला," ते म्हणाले. चार महिने आमचं हे चाललं. सुरुवातीला ते मला टिंगलीनं म्याडम म्हणायचे. दुसऱ्या महिन्यापासून पोरी म्हणायला लागले. माझ्या वडिलांनी कधी मला शेजारी बसवून आपल्या कामातलं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं ते साडेतीन ते पाच मला फार आवडायचे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

काम पुरं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा रिकाम्या हातानं आले. डायरी कुठं म्हणून विचारलं तर म्हणाले, "काल इंद्रायणीत सोडली. पोथी जुनी झाली की सोडत्यात ना, तशी. आता हितं हाय की समदं."

मी कपाळावर हात मारून घ्यायला हवा होता. त्याऐवजी मला अभिमान वाटला. त्या माणसानं माझ्या शब्दावर तीस वर्षांची डायरी नदीत सोडली होती. मी सरांचा पहिला नियम पाळला, फ्लॉपीची दुसरी प्रत काढली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी शेड धुऊन काढतात, मशीन रॉकेलनं पुसतात, झेंडूच्या माळा घालतात आणि प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावून नारळ फोडतात. वर्कशॉपमधली एकटी बाई म्हणून मला गेटवर रांगोळी काढायला बसवलं होतं. कॉम्प्युटरच्या डब्याला मी आधीच एक बोट कुंकू लावून ठेवलं होतं. मी गेटवर असताना मामा ताट घेऊन आत गेले. डब्याची पूजा झालेली त्यांनी पाहिली. पण त्यांची विद्या डब्यात नव्हती, फ्लॉपीत होती, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी टेबलावरच्या खोक्यातून आपली फ्लॉपी काढली, ताटात ठेवली आणि तिला हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या. कुंकू लावलं ते बरोबर त्या खिडकीत, उघड्या भागावर. झाकलेल्या देवाला कुणी कुंकू लावत नाही. मग नमस्कार करून ती पुन्हा पाकिटात घालून जागेवर ठेवली.

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर मी सकाळी फ्लॉपी पाकिटातून काढली तर लाल झालेली. मी काय केलं असेल? ओढणीनं पुसली आणि ड्राइव्हमध्ये घातली. करकर आवाज आला. पडद्यावर वाचता येत नाही अशी ओळ आली. मी परत घातली, परत करकर. माझं डोकं फिरलं. मामांचा असा राग आला, आणि त्याच रागात मी ड्रॉवर उघडला, दुसरी फ्लॉपी काढली आणि त्याच ड्राइव्हमध्ये कोंबली. ड्राइव्हचं दार बंद केलं आणि तोच आवाज पुन्हा ऐकला.

तेव्हा मला सरांचा दुसरा नियम आठवला. गिरणीवरच्या त्या खोलीत मी सरांना जे विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं.

मी पंधरा मिनिटं थांबले असते, हेड साफ करून घेतलं असतं, तर मामांच्या कुंकवानं फक्त एक फ्लॉपी गेली असती. तिला काही किंमत नव्हती. दुसरी धडधाकट होती आणि ती मी माझ्या हातानं मारली. पण दुसरी होती हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी ती कात्रीनं कापली, पिशवीत घालून घरी नेली आणि चुलीत टाकली. मालकांपुढं लाल झालेली तेवढी ठेवली आणि सांगितलं, मामांनी हिच्यावर कुंकू लावलं.

मालक ओरडले नाहीत. "मामा, असं कसं केलंत तुम्ही," एवढंच म्हणाले. मामांनी एकदा फ्लॉपीकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांसमोर माझ्यापुढं हात जोडले.

"पोरी, तुजी चार म्हैन्याची मेहनत मी मातीत घातली. माफ कर मला."

आणि मी म्हणाले, "असू द्या मामा." मोठ्या मनानं म्हणाले. या सगळ्यातली माझी सगळ्यात वाईट गोष्ट कुठली म्हणाल तर ही.

पुन्हा सांगून लिहून घेऊ, असं मालकांनी सुचवलं. मामा एकदा बसले, डोळे मिटले आणि उठले. न्हाई येत, म्हणाले. मशीनपाशी गेलं की हातांना आठवायचं, पण वर्षातून एखाददा येणारे जॉब असायचे तिथं दोन-दोन दिवस अडून उभे राहायचे. बसवलेला जॉब दुसऱ्याकडून तपासून घ्यायला लागले. काचेच्या खोलीकडं पुन्हा आले नाहीत. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पूजेचं ताट दुसऱ्याच्या हातात दिलं आणि स्वतः गेटबाहेर जाऊन थांबले. मी रांगोळी काढत होते, ते माझ्या शेजारीच उभे होते. सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. मी रांगोळीत रंग भरत राहिले.

पुढं माझं लग्न झालं, वर्कशॉप सुटलं, चाकणच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मोशीवरून बस जायची तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडं बघायची. इतकी वर्षं रोज जाता-येता तो स्टॉप लागत होता.

यंदा दसऱ्याच्या आधी जुन्या मालकांच्या मुलाचा फोन आला. वर्कशॉपचा आता चाकणला मोठा प्लँट झालाय. गोडाऊनमध्ये तो जुना कॉम्प्युटर सापडला म्हणे, आणि रिसेप्शनमध्ये काचेच्या पेटीत ठेवणार होते. कुठली वायर कुठं ते दाखवायला या, म्हणाला. मी गेले. डबा पिवळा पडला होता. पेटीखाली लावायची पाटी छापून तयार होती. कंपनीचा पहिला कॉम्प्युटर, अमुक आणि तमुक, आणि खाली एक गमतीची ओळ: याच्याच फ्लॉपीला आमच्या एका भोळ्या कामगारानं कुंकू लावलं आणि सगळा डेटा पुसला गेला. पाहुणे हसतील, तो म्हणाला. त्याच्या लहानपणी घरात हा किस्सा जेवताना सांगायचे.

मी त्याला सांगितलं, ही ओळ काढ. तो म्हणाला, का काकू, खरंच तर आहे. मी म्हटलं, आधी मामांना भेटून येते, मग सांगते.

मामा आहेत की नाहीत हेसुद्धा मला माहीत नव्हतं. होते. नव्वदीला आलेले. मोशीत त्यांच्या शेतावर आता सहा मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर ते आणि मामी राहतात. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. जवळ गेल्यावर कळलं की कान पार गेलेत. "मशिनीपायी," मामी म्हणाल्या. "चार वरसं झाली, काय ऐकू येत न्हाई. मोठ्यांदा बोला." मशीन दिलं होतं कानाचं, पण ते कपाटात पडलं होतं.

जी गोष्ट मी पस्तीस वर्षं मनातल्या मनातही हळू बोलत होते, ती मला पार्किंगमध्ये ओरडून सांगावी लागली.

"मामा, फ्लॉप्या दोन होत्या."

"काय?"

"दोन होत्या. एक तुमची, एक माझ्या ड्रॉवरात."

जिन्यावर एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबली. मामांनी कानामागं हात धरला. मी सगळं सांगितलं, तीन-चारदा सांगितलं, तेव्हा ते त्यांच्यापर्यंत पोचलं. मग त्यांनी जॉब तपासावा तसं मला एकेक विचारलं.

"म्हंजी माज्या कुंकवानं एकच गेली?"

"हो."

"दुसरी चांगली हुती?"

"होती."

"मंग ती कुनी घालवली?"

"मी, मामा."

मला वाटलं होतं रागावतील, आणि खरं सांगायचं तर रागावले असते तर बरं वाटलं असतं. बोलल्या त्या मामी. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"त्या सालापासनं ह्यांनी देवाला हात न्हाई लावला," त्या म्हणाल्या. "माज्या हाताला यश न्हाई, आसं हे म्हनायचे. लेकीच्या लग्नात कन्यादानाला बसंनात. मी पाया पडले. शेवटी दीर-जाऊ बसली आन् हे मांडवात मागं खुर्चीवर. पोरीनं लग्न आपल्या मनानं ठरवल्यालं. तिला वाटलं, म्हनून बाप बसला न्हाई. मलाबी वाटलं, हाताचं नुसतं निमित्त. कामावर काय झालं ते ह्यांनी कधी सांगितलं न्हाई."

लेक तिकडं माण गावाला असते. सणाला येते, तासभर बसते आणि जाते, असं मामींनी सांगितलं. मी पायरीवर बसले. एक नग बाद झाला म्हणून मी दुसरा लपवला होता, आणि तो कुणाच्या मांडवात जाऊन पडला याची मला कल्पनाच नव्हती.

मामांनी मामींना खूण केली. "लेकीला फोन लाव. मी कन्यादानाला का बसलो न्हाई ते हिला सांगू दे."

मी पुन्हा सांगितलं, या वेळी हळू, फोनवर. पलीकडच्या बाईला मी कोण हेही माहीत नव्हतं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग तिनं विचारलं, "लग्नाच्या वेळी हे तुम्हाला माहीत होतं?"

"कन्यादानाचं नव्हतं माहीत. बाकीचं होतं."

"ऐकू नाही आलं तरी चालेल, दादांना द्या फोन," ती म्हणाली.

मी फोन मामांच्या हातात दिला. तो हात आता नुसता थरथरत नव्हता, हलत होता, म्हणून मामींनी वरून धरला. ती बोलत होती. शेजारी मला तिचा आवाज ऐकू येत होता, शब्दही ऐकू येत होते, रडणंही. मी चार वर्षांपूर्वी आले असते तर मामांनाही ऐकू आलं असतं. मामा फोन कानाला गच्च दाबून म्हणत होते, "हां... हां... बरी हाईस का? पोरं बरी हाईत का?" ती काहीतरी विचारायची आणि हे म्हणायचे, हां. असं पाच मिनिटं चाललं. मग तिनं फोन ठेवला. ठेवला हेही त्यांना कळलं नाही, ते आणखी दोनदा हां म्हणाले. मामींनी फोन काढून घेतला.

"काय म्हनली ती?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जे ऐकलं ते सांगितलं. रडत होती. तुम्हाला ती नकोशी झाली, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

मामा माझ्याकडं बघत राहिले. "आसं कुनी सांगितलं तिला?"

कुणीच नाही, मी म्हणाले, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला ते म्हणता आलं नाही.